एक पाटा वाढवा

गाडी किती मऊ असावी आणि किती कडक, हा प्रश्न कोल्हापुरात मोटारीच्याही आधीचा. शाहू महाराज घोडी तयार करायला खडखडा हाकायचे. त्या गाडीला नाव पडलं तेच तिच्या आवाजावरून. वाटेत भेटलेल्या साध्या माणसालाही महाराज त्यात बसवून घेत, हे आमच्याकडं अजून सांगतात.

पुढं राजाराम महाराजांनी जर्मनीहून मेबॅक आणवली. १९३६ची, एसडब्ल्यू ३८. यातल्या ३८चा अर्थ ३.८ लिटरचं इंजिन, आणि एसडब्ल्यू म्हणजे डोलता आस. एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्या बाजूच्या चाकानं आपली जागा सोडू नये, यासाठी केलेली रचना. झेपेलिनची इंजिनं घडवणाऱ्या कारखान्यानं गाडीच्या नावातच सस्पेन्शन घातलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्याच दशकात इंग्लंडात बेंटलीच्या स्टिअरिंगवर शॉकअप कडक करायची दांडी आली होती. आज बटन दाबून 'स्पोर्ट' करतो, त्याचीच ती जुनी तऱ्हा.

आमच्या उद्यमनगरात मात्र बटन नव्हतं, स्प्रिंगचे पाटे होते. मी कामाला लागलो तेव्हा जीपवाला यायचा आणि म्हणायचा, "मेस्त्री, एक पाटा वाढवा." ऊस, माणसं, दुधाचे कॅन, सगळं एकाच गाडीत. पाटा वाढला की गाडीची पाठ उचलायची, मालक खूश. मीही एका जीपला दोन पाटे चढवले. महिन्याभरात ती गगनबावड्याच्या घाटातून परत आली ती उसळ्या मारतच. दोन्ही शॉकअप गळालेले. आमचे वस्ताद एवढंच म्हणाले, "पाटा वाढीवलास, आणि शॉकअप तसाच ठेवलास व्हय?"

स्प्रिंग भार पेलते, आणि दाबलेली स्प्रिंग उलटी उसळते तेव्हा तिला आवरायचं काम शॉकअपचं. एक बदललं की दुसऱ्याचा हिशेब चुकतो. त्या जीपनं शिकवलेलं मी आजही विकतो, असं म्हटलं तरी चालेल.

कारण परवाच एक पोरगा अडॅप्टिव्ह डॅम्परची गाडी घेऊन आला. त्याला ती दोन इंच खाली बसवायची होती, स्वस्तातल्या कडक स्प्रिंगवर. या शॉकअपमधल्या तेलाची वाट कॉम्प्युटर क्षणाक्षणाला कमी-जास्त करतो. काही गाड्यांत तर तेलच चुंबकानं घट्ट होतं. २००२ साली कॅडिलॅकनं ते पहिल्यांदा रस्त्यावर आणलं. पण कॉम्प्युटरची हुकमत ठरावीक मर्यादेपुरतीच. स्प्रिंग त्या मर्यादेपलीकडं कडक झाली की 'कम्फर्ट'ला गाडी डुलते. उंची मोजणारा सेन्सरही नवी उंची चूक समजतो. त्याचं माप पुन्हा लावून घ्यावं लागतं. आणि मूळ डॅम्पर काढून साधे बसवले तर डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो दिवा विझवायला वेगळी पेटी मिळते, पण मग ज्यासाठी जादा पैसे मोजले तेच गेलं.

त्याला मी सांगितलं: याच डॅम्परसाठी बनवलेल्या स्प्रिंगा घे, दोन इंच नको, एखादा इंच पुरे, आणि आधी बुश तपास. निम्मा खडखडाट तिथलाच असतो.

दसऱ्याला शाही मिरवणुकीत बीएमके १ नंबरची ती मेबॅक दसरा चौकात येते. यंदा गेलात तर छत्रपतींना मुजरा झाल्यावर क्षणभर तिच्या चाकांकडंही बघा.