पेजला लाईक, पण ठाण्याची पायरी नको

पोस्ट लांब आहे, पण घरात कॉलेजातलं पोर असेल तर शेवटपर्यंत वाचा.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतला एक पोरगा रात्री दहाला माझ्या दारात उभा. वय एकोणीस. अनोळखी बाईचा व्हिडिओ कॉल त्यानं उचलला, समोरच्यांनी रेकॉर्डिंग केलं आणि 'तुझ्या नातेवाइकांना पाठवतो' म्हणून पैसे मागायला सुरुवात केली. दोन दिवसांत आठ हजार गेले. मी म्हटलं, चल ठाण्यात. तर म्हणतो, "नाही काका, ठाण्यात नका नेऊ. बाबाले माहीत पडन. अन् पोलीस मलेच धरतीन."

हाच पोरगा पोलीस भरतीसाठी रोज पहाटे मैदानावर धावतो. पोलिसांचं पेज फॉलो करतो, प्रत्येक रीलला लाईक देतो. आणि पोलिसांनाच घाबरतो.

वीसेक वर्षं तालुक्याच्या बातम्या देतोय, त्यामुळे नवल वाटलं नाही. ही भीती फार जुनी आहे.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. माणूस काय करतो ते न बघता कोणत्या जातीत जन्मला त्यावरून त्याला गुन्हेगार ठरवायचं आणि पोलिसांकडे हजेरी लावायला लावायची. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती विमुक्त झाल्या. कायदा गेला, संशय राहिला. आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही पारधी बेड्यावर जाऊन विचारा, चोरी कुठंही होवो, गाडी आधी कुठं येते ते. गावातल्या बाकीच्यांची आठवणही फार वेगळी नाही. जुलै १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. राखीव जंगलातलं गवत कापलं म्हणून त्यांना अटक झाली. म्हणजे आपल्या आज्यानं बघितलेला पोलीस हा सरकारचा माणूस, आपला नव्हे.

हे अंतर कमी करायचे प्रयत्नही झाले. १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. पाटील गृहमंत्री असताना तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातला तंटा गावातच मिटवायचा. ठाणेदार गावात येऊन बसायला लागले, चहा प्यायला लागले. पण त्या बैठकीत बसायची मोठी माणसं. पोरं दूर पारावर, मोबाईलमध्ये.

मग पोलीस त्या मोबाईलपर्यंत पोचले. पण पहिली ओळख वाईट झाली. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं ते लाईक केलं. दोघींना अटक! पुढे टीका झाली, पोलीस अधिकारी निलंबित झाले. ज्या कलमावर हा वाद पेटला ते कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. मधल्या काळात, २०१३ मध्ये, मुंबई पोलिसांनी सोशल मीडिया लॅब उघडली होती. तिचं काम लोक काय लिहितात यावर नजर ठेवणं. म्हणजे पोलीस आधी ऐकायला लागले ते चोरून.

बोलायला लागले डिसेंबर २०१५ मध्ये, मुंबई पोलिसांचं ट्विटर खातं सुरू झालं तेव्हा. हेल्मेट घाला, पासवर्ड सांगू नका, हेच सगळं सिनेमातले संवाद आणि कोट्या वापरून. पोरांना आवडलं. नागपूरवाल्यांनीही तीच वाट धरली. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ च्या विक्रम लँडरशी संपर्क तुटला, तेव्हा नागपूर पोलिसांनी त्यालाच विनवलं की बाबा रे, काही तरी उत्तर दे, सिग्नल तोडल्याचं चलान फाडणार नाही. देशभर लोक हसले. खाकी वर्दीतलं कुणीतरी आपल्यासारखं बोलतंय हे पोरांना पहिल्यांदा जाणवलं. त्याची किंमत मी कमी मानत नाही.

पण हसवणं वेगळं, भरवसा वेगळा. १ जुलै २०१८ आठवा. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सअॅपवर फिरत होती. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मुंबई पोलिसांच्या खात्याला तोवर अडीच वर्षं झाली होती. तरी त्या जमावानं फॉरवर्डवर विश्वास ठेवला आणि पोलिसांची वाट बघितली नाही. मेले ते पुन्हा भटकेच. १८७१ चा संशय २०१८ मध्ये मोबाईलवरून आला, एवढाच फरक.

शेजारच्या अमरावतीचंही बघा. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथं दंगल झाली, संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद करावं लागलं. आता नेट बंद केलं की अफवा थांबते हे खरं, पण पोलिसांचं पेजही गप्प होतं. ज्या दिवशी त्या पेजची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी ते पोरांना दिसत नाही. त्या दिवशी कामाला येतो तो पोराच्या ओळखीचा पोलीस. तो असला तर.

म्हणून माझं सरळ मत आहे. पेज म्हणजे ठाण्याची पाटी. पाटी रंगीत असावी, वाचताना हसू यावं, काही हरकत नाही. पण रात्री अकराला घाबरलेल्या पोरानं मेसेज टाकला तर माणसानं उत्तर द्यावं. 'तुझी चूक नाही, उद्या ये, अमक्याला भेट' एवढं जरी आलं तरी पुरे. आणि तक्रारीचं पुढं काय झालं तेही कळावं. रीलपेक्षा हे काम अवघड आहे, कारण त्याला व्ह्यूज नसतात. ठाण्यात माणसं कमी आहेत हे मलाही दिसतं. पण रील काढायला माणूस मिळतो, तर उत्तर द्यायलाही मिळावा.

त्या पोराचं काय झालं ते सांगतो. रात्रीच माझ्या घरून १९३० ला फोन लावला. सत्याग्रहाचं साल आणि सायबर फसवणुकीचा हेल्पलाईन नंबर एकच, लक्षात ठेवायला सोपं. पैसे गेल्यावर पहिले काही तास मोलाचे असतात, त्यातच ते पुढच्या खात्यात अडवता येतात. आमचे दोन दिवस भीतीत गेले होते, पैसे परत आले नाहीत. सकाळी ठाण्यात गेलो. तिथल्या महिला अंमलदार ताईंनी त्याला आधी पाणी दिलं. म्हणाल्या, "घाबरू नको, असे लई जण येतात. पैसे देणं बंद कर, ते नंबर ब्लॉक कर." घरी कुणाला फोन केला नाही. रात्री त्यानंच बापाला सांगितलं.

महिनाभरानं तो मला ठाण्याच्या फाटकाजवळ दिसला. सोबत दुसरा पोरगा, मान खाली घातलेला. मी विचारलं, काय रे? म्हणाला, "यालेबी तसाच कॉल आला काका. ताईकडं नेतो."

माझ्या हिशेबानं विश्वास तो हाच.

तुमच्या गावात पोरं अडचणीत कुणाकडं जातात? कमेंटमध्ये लिहा. आणि आज घरी पोराला एवढंच सांगा की काही झालं तरी आधी मला सांग, मी ओरडणार नाही.