अंगरख्याआडचे शस्त्र

दिवाळीच्या दिवसांत गल्लीगल्लीतून टिकल्यांच्या पिस्तुलांचे बार ऐकू येतात. पत्र्याचे ते खेळणे हाती आले की मूल प्रथम काय करते, हे पाहण्यासारखे असते. बार काढून झाला की ते पिस्तूल तो सदऱ्याखाली दडवितो आणि साळसूद चेहऱ्याने दोस्तापाशी जाऊन उभा राहतो. शस्त्र दिसू नये, पण हाताशी असावे, ही ओढ मनुष्यमात्रात किती खोल रुजलेली आहे! राजे, सरदार, सावकार, क्रांतिकारक, सगळ्यांनीच आपापल्या काळी या प्रश्नाचा विचार केला आहे : अंगावर बाळगावयाचे शस्त्र निवडावे तरी कोणते? ते लहान असावे की जोरदार? चटकन निघणारे असावे की नीट दडणारे? आणि सर्वांत अवघड प्रश्न म्हणजे, असे शस्त्र बाळगल्याने मनुष्य निर्भय होतो काय?

या विचारासाठी वाचकांना गोदावरीच्या काठी कोपरगावास नेतो. कोपरगावाशी दोन आठवणी जडलेल्या आहेत. एक पुराणातली. येथील बेटावर शुक्राचार्यांचे स्थान आहे आणि कच-देवयानीची कथा तेथलीच, असे लोक मानतात. दुसरी इतिहासातली. राघोबादादा पेशव्यांचे हे आवडते गाव. त्यांचा वाडा येथे होता आणि त्यांचा अंतही याच परिसरात झाला. सालबाईच्या तहाने (१७८२) इंग्रजांनी दादांचा पक्ष सोडला, त्यांना दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरली आणि अटकेपर्यंत घोडदौड केलेला हा पुरुष कोपरगावी येऊन राहिला. ११ डिसेंबर १७८३ रोजी त्यांनी देह ठेवला.

दादांच्या या अखेरच्या दिवसांत त्यांच्या उशाशी कट्यार होती की नाही, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. पण दहा वर्षांपूर्वीचा एक दिवस त्यांच्या उशाशी खात्रीने असला पाहिजे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याचा खून झाला. सुमेरसिंग, खरकसिंग, महमद इसफ हे गारदी आणि तुळाजी पवार हा खिजमतगार, ही त्यातली मुख्य नावे. या मंडळींना शस्त्र लपवून आणण्याचे कारणच पडले नाही. ते पगारी पहारेकरी होते. तलवार हे त्यांच्या नोकरीचेच लेणे होते. पेशवा धावत चुलत्यापाशी गेला आणि त्यांच्या कमरेला मिठी मारली, तरी वाचला नाही. रामशास्त्र्यांनी चौकशी करून दोषाचे बोट थेट दादांकडे दाखविले. 'ध'चा 'मा' झाल्याची कथा प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. तिचा पुरावा काय, हा वाद इथे नको. आपल्या विषयापुरते तात्पर्य एवढेच की, ज्या वाड्याच्या दिंडीदरवाजावर चौकी-पहारा होता, तेथे घात आतूनच आला. कमरेला खोचलेला जंबिया त्या दिवशी काय करू शकला असता?

बिचवा आणि वाघनख

गुप्त शस्त्राचे नाव काढले की मराठी मनाला प्रथम प्रतापगड आठवतो. १० नोव्हेंबर १६५९ची ती भेट. शिवाजीमहाराजांच्या हाती वाघनखे होती, अस्तनीत बिचवा होता, हे सर्वश्रुत आहे. शस्त्र म्हणून या दोहोंची निवड किती विचाराने झाली होती, ते पाहा. वाघनख मुठीत मावते. बोटांत अंगठ्या दिसाव्यात तशी त्याची कडी दिसतात आणि नख्या तळहाताकडे वळलेल्या असतात. बिचवा विंचवाच्या नांगीसारखा वाकडा, म्हणून त्याला ते नाव; तो अस्तनीतून सहज निसटून हाती येतो. दोन्ही शस्त्रे अगदी जवळच्या झटापटीसाठीच उपयोगी. मिठीत आलेल्या माणसावर लांब तलवार चालत नाही, तेथे ही चालतात.

मात्र या दोन शस्त्रांच्या चमत्कारात आपण बाकीची तयारी विसरतो. अंगरख्याखाली चिलखत होते, मंदिलाखाली लोखंडी टोप होता. भेटीची जागा महाराजांनी ठरविली होती. जावळीच्या रानात मावळे दबा धरून बसले होते आणि इशारतीची तोफ ठरलेली होती. बरोबर कोण असावे, याचा विचार झाला होता. जिवा महाला त्या विचारामुळेच ऐन वेळी जागेवर होता. म्हणजे शस्त्राची निवड ही साऱ्या निवडींतली अगदी शेवटची. आधी माणसे, मग जागा, मग चिलखत आणि त्यानंतर वाघनख! विलायतेतल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४मध्ये साताऱ्यास प्रदर्शनासाठी आली, तेव्हा ती पाहावयास लोकांची रीघ लागली. ती तीच वाघनखे आहेत असे खुद्द ते संग्रहालयही छातीठोकपणे म्हणत नाही. पण लोकांचे डोळे त्या चार नख्यांवरच खिळले, चिलखताची आठवण फारशी कोणाला झाली नाही. गुप्त शस्त्राची मोहिनी अशी असते.

रंजकापासून काडतुसापर्यंत

राघोबादादांच्या काळी पिस्तूल अज्ञात होते असे नाही. पण ते चकमकीचे. गारगोटी पोलादावर आपटावी, ठिणगी कानातल्या रंजकावर पडावी, तेव्हा बार उडावयाचा. एक बार झाला की पुन्हा दारू ओता, गोळी घाला, गजाने ठासा. पावसात रंजक भिजले तर सारेच मुसळ केरात. असले पिस्तूल कमरेच्या शेल्यात खोचता येई, परंतु लपविता येत नसे, आणि त्याच्यावर जीव टांगून ठेवण्यात अर्थ नसे. म्हणून शहाणा शिलेदार कट्यारीवरच विसंबे.

पुढल्या शतकात हे चित्र पालटले. अमेरिकेत सॅम्युअल कोल्टने १८३६मध्ये फिरत्या नळकांड्याच्या पिस्तुलाचे पेटंट घेतले. एकदा भरले की पाच-सहा बार एकामागून एक निघू लागले. फ्रान्समध्ये १८८४च्या सुमारास धूर न करणारी दारू निघाली. ती थोडी लागे आणि जोर अधिक देई, त्यामुळे शस्त्राचा आकार लहान करणे शक्य झाले. युटाच्या ऑग्डेन गावात जन्मलेला जॉन ब्राउनिंग हा बंदूकवाल्याचा मुलगा. त्याने काडतुसांची पेटी पिस्तुलाच्या मुठीतच बसविली आणि गोळीच्या धक्क्यानेच पुढले काडतूस चढेल अशी रचना केली. बेल्जममधल्या हेर्स्टाल येथील कारखान्याने १९०० साली त्याचे ७.६५ मिलिमीटरचे पिस्तूल बाजारात आणले : लांबी वीतभरही नाही, मुठीत सात गोळ्या, बाजू चपट्या. १९०३ सालच्या कोल्ट कंपनीच्या खिशातल्या पिस्तुलाला तर बाहेर घोडाच दिसत नाही. का, तर खिशातून काढताना कापडात अडकू नये म्हणून! शिंप्याने कोटाचा विचार करावा तसा ब्राउनिंगने खिशाचा विचार केला होता.

पुणे, नाशिक आणि पुन्हा पुणे

इकडे हिंदुस्थानात उलटे वारे वाहत होते. १८५७च्या उठावानंतर सरकारने प्रजेची हत्यारे काढून घेतली आणि लॉर्ड लिटनच्या अमदानीत १८७८चा हत्यारांचा कायदा आला. परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा ठरला, आणि गोऱ्या लोकांना मात्र त्यातून सूट मिळाली. खंडेनवमीला ज्या घरी पिढ्यान् पिढ्या तलवारींना हळदकुंकू लागे, तेथे आता विळी-कोयत्याची पूजा होऊ लागली. या अपमानाचा सल मोठा होता. काँग्रेसने या कायद्याविरुद्ध पुन्हा पुन्हा ठराव केले. उघड शस्त्र गेले, म्हणून लपविलेले शस्त्र आले, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

२२ जून १८९७ची रात्र. पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्ताने लोकांचा रोष ओढवून घेतलेला रँडसाहेब गणेशखिंडीतल्या मेजवानीहून परतत होता. दामोदर आणि बाळकृष्ण हे चापेकर बंधू पिस्तुले आणि तलवारी घेऊन निघाले होते. पण तलवार हाती धरून गाडीमागे धावणे म्हणजे साऱ्या रस्त्याचे लक्ष वेधून घेणे. त्यांनी तलवारी वाटेतल्या एका दगडी मोरीखाली ठेवून दिल्या आणि पिस्तुले तेवढी जवळ ठेवली. मराठी इतिहासातली ही केवढी खूण आहे! तलवार मोरीखाली गेली आणि पिस्तूल पुढे निघाले. आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैस मेला. दामोदर, बाळकृष्ण व धाकटा वासुदेव असे तिघे भाऊ पुढे फासावर गेले. एका आईची तीन मुले.

यानंतर बारा वर्षांनी, १९०९च्या आरंभी, लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुले मुंबईस पाठविली. बेल्जमच्या कारागिराने युरोपियन गृहस्थाच्या खिशासाठी घडविलेली ती वस्तू अशा रीतीने गोदाकाठी आली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सन आत येत असताना अठरा वर्षांच्या अनंत कान्हेऱ्याने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी झाली. जे पिस्तूल लपवून आणले त्याच्या मागावरून पोलिस पेटीपर्यंत आणि पेटीवरून लंडनपर्यंत पोचले. सावरकरांच्या जन्मठेपेत या वीस पिस्तुलांचा मोठा वाटा आहे.

तिसरा प्रसंग २२ जुलै १९३१चा. मुंबई इलाख्याचा हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन फर्ग्युसन महाविद्यालयाचे ग्रंथालय पाहत होता. वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने अगदी जवळून त्याच्यावर गोळी झाडली. शस्त्र लहान, अंतर हातभर, नेम चुकण्याचे कारण नाही. पण गोळी खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या गुंडीवर आदळली आणि हॉटसन वाचला. त्याने काही चिलखत घातले नव्हते. एका य:कश्चित गुंडीने चिलखताचे काम केले.

या तीन प्रसंगांचा देशकार्य म्हणून विचार इतरत्र पुष्कळ झाला आहे. आपण केवळ शस्त्राच्या नजरेने पाहू. तिन्ही वेळा शस्त्र ज्याने लपविले होते, वेळ आणि जागा त्यानेच निवडली होती. रँड, जॅक्सन, हॉटसन यांच्यामागे सारे साम्राज्य उभे होते आणि त्यांना पिस्तूल बाळगावयास कोणाची आडकाठी नव्हती. त्यांच्या खिशात उत्तमातले पिस्तूल असते तरी त्या दोन पळांत त्याचा उपयोग काय होता? लपविलेले शस्त्र चढाई करणाऱ्याला साथ देते, कारण क्षण त्याला ठाऊक असतो. सावध नसलेल्याला ते साथ देत नाही. प्रतापगडावर महाराजांना ते फळले, कारण ते एक क्षणही बेसावध नव्हते.

आजचा परवानाधारक

स्वतंत्र भारताने १९५९मध्ये शस्त्रांचा नवा कायदा केला. गोऱ्या-काळ्याचा भेद गेला, परवाना राहिला. आज कोपरगावच्या एखाद्या व्यापाऱ्यास स्वसंरक्षणासाठी पिस्तूल हवे असेल, तर अर्ज अहिल्यानगरास जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करावा लागतो. पोलिस चौकशी होते, कारण पटवून द्यावे लागते, २०१६च्या नियमांप्रमाणे शस्त्र हाताळण्याचे शिक्षणही घ्यावे लागते. २०१९च्या दुरुस्तीने लग्नावरातीत हौसेने गोळ्या झाडणाऱ्यास शिक्षा ठरविली आहे.

निवडीचा प्रश्न मात्र जुनाच आहे. दिल्लीतील डिसेंबर २०१२च्या अमानुष प्रकारानंतर कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४मध्ये 'निर्भीक' नावाचे .३२चे रिव्हॉल्व्हर काढले. ते स्त्रियांच्या पर्समध्ये मावावे असे, वजनाला सुमारे अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात. लहान आणि हलके शस्त्र जवळ बाळगणे सोपे, ही त्याची सोय; परंतु हलक्या पिस्तुलाचा धक्का हाताला अधिक बसतो, आखूड नळीने नेम कठीण होतो, आणि पर्सच्या तळाशी पडलेले शस्त्र वेळेवर हाती येईलच असे नाही. जड पिस्तूल नेमाला बरे, पण ते चार दिवसांत कपाटात जाऊन बसते. शिवाय घरात मूल असले तर टिकल्यांचे कोणते आणि खरे कोणते, हे त्याने ओळखावे तरी कसे? शस्त्राला कडीकुलूप करावे तर ते हाताशी नाही. हाताशी ठेवावे तर ते सर्वांच्याच हाताशी. ब्राउनिंगसारख्या कारागिरालाही हा तिढा सोडविता आला नाही.

कोपरगावच्या बेटावरील कथेत कचाने शुक्राचार्यांच्या पोटात राहून संजीवनी विद्या मिळविली. बाहेर आल्यावर देवयानीने त्याला शाप दिला की, ही विद्या तुला फळणार नाही. त्यावर कच म्हणाला, मला न फळो, मी जिला शिकवीन त्याला फळेल. पोटात दडवून आणलेली शक्ती आपल्या एकट्याच्या उपयोगी पडत नाही. ती दुसऱ्याच्या हाती विश्वासाने द्यावी तेव्हा फळते, असा याचा अर्थ मी घेतो. त्याच गावी राघोबादादांनी अखेरचे दिवस काढले. शस्त्रांची त्यांना कधीच वाण नव्हती. ज्याच्याजवळ निर्धास्तपणे पाठ करून बसावे असा मनुष्य मात्र त्यांना शेवटपर्यंत मिळाला नाही, आणि तशी पाठ टेकावयास आलेल्या पुतण्याला त्यांच्या वाड्यात आसरा मिळाला नव्हता.

शस्त्र निवडणाऱ्याने नळी, गोळी, वजन ही सारी पारख जरूर करावी. पण त्याआधी आपल्या घरचा पहारा कोण करतो, शेजारी कोण राहतो, हाक मारली तर कोण धावून येईल, याची मोजदाद करावी. प्रतापगडाच्या पायथ्याशी ती मोजदाद आधी झाली होती, शनिवारवाड्यात ती राहून गेली.