आपत्तीत निर्णय कोणी घ्यायचा? किल्लारीच्या भूकंपाने शिकवलेलं काय, कायदा सांगतो काय

पूर येवो, दरड कोसळो की भूकंप होवो, गावात पहिला प्रश्न एकच असतो. आता ऐकायचं कोणाचं? याचं उत्तर आधी ठरलेलं नसेल तर मदत दारात येऊनही गोंधळच होतो. आपत्तीत दोन प्रकारचे निर्णय असतात. काही एकाने आणि लगेच घ्यायचे, काही सगळ्यांना विचारून सावकाश. या दोन्हींची गल्लत झाली की नुकसान वाढतं. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतल्या १९९३ च्या भूकंपात हे दोन्ही प्रकार बघायला मिळाले.

पहिले तास गावाचेच

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं गाढ झोपेत. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत घरंच्या घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. शासकीय आकडा ७,९२८ मृत्यूंचा आहे. बाहेरची मदत पोहोचेपर्यंत जे वाचले त्यांनीच हातांनी ढिगारे उपसले.

पुणे जिल्ह्यातल्या माळीणवर ३० जुलै २०१४ ला दरड कोसळली आणि १५१ जीव गेले. तिथेही गाव गाडलं गेल्याचं बाहेर कळलं ते एसटी बसच्या चालकामुळे. म्हणजे खबर वर पोहोचवणं हाही एक मोठा निर्णय असतो.

घाईचे निर्णय: एकाने आणि लगेच

तत्कालीन मुख्यमंत्री शरद पवार त्याच सकाळी भूकंपग्रस्त भागात पोहोचले. लष्कर, पोलीस, डॉक्टर कामाला लागले. पण पाठोपाठ बघ्यांचीही गर्दी झाली, अरुंद रस्त्यांवर गाड्या अडकल्या, त्यात पाऊस. अशा वेळी रस्ता मोकळा ठेवणं, जखमी आधी हलवणं, धोक्याची घरं रिकामी करणं, यासाठी बैठक घेत बसता येत नाही. पूर्ण माहिती हातात येत नाही, अर्ध्या माहितीवरच ठरवावं लागतं. नवी माहिती आली की निर्णय बदलावा, त्यात कमीपणा नाही. मात्र आदेश एकाच तोंडून यावा.

सावकाशीचे निर्णय: सगळ्यांना विचारून

पुनर्वसनाचं उलट आहे. जागतिक बँकेच्या कर्जाच्या मदतीने मोठा कार्यक्रम राबवला गेला. पूर्ण उद्ध्वस्त ५२ गावं नव्या जागी वसवली. बाकीच्या हजारांहून अधिक गावांत घरमालकांनीच शासनाच्या मदतीने घरं दुरुस्त केली. तिथे ‘संवाद सहायक’ म्हणून गावातल्याच बायांनी घराघरांत माहिती पोहोचवली, लोकांच्या अडचणी वर नेल्या. जिथे घर बांधणाऱ्याने स्वतः लक्ष घातलं, तिथे भूकंपाला टिकणारं बांधकाम म्हणजे काय हे गावालाही कळलं. नव्या वसाहतींत मात्र शेत लांब पडलं, जनावरं आणि कडबा ठेवायला सोय नाही, अशा तक्रारी राहिल्या. घर कुठं आणि कसं हवं हे राहणाऱ्यालाच विचारावं लागतं, ते यासाठीच.

कायदा काय सांगतो?

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, तर सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष असतात. धोक्याच्या भागातली ये-जा रोखणं, ढिगारा हटवणं, शोध आणि बचाव करणं, याचे अधिकार या प्राधिकरणाला आहेत.

योग्य कारण नसताना आदेश धुडकावला तर १ वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे जीव गेला तर कैद २ वर्षांपर्यंत. घबराट पसरवणारी खोटी सूचना दिली तर १ वर्षापर्यंत कैद किंवा दंड. व्हॉट्सॲपवर मेसेज पुढे ढकलण्याआधी हे ध्यानात ठेवावं.

ग्रामपंचायतीने आजच ठरवावं

• आदेश देणारा एक माणूस कोण, आणि तो गावात नसेल तर दुसरा कोण. दोन्ही नावं ग्रामसभेत जाहीर करावीत.

• तहसील आणि तलाठ्यांना खबर कोण देणार.

• अंथरुणावरची म्हातारी माणसं, गरोदर बाया, अपंग यांची घरवार यादी.

• गाव रिकामं करायची वेळ आली तर जायचं कुठं, जनावरं कुठं न्यायची.

• ट्रॅक्टर, जेसीबी, दोरखंड, बॅटऱ्या कोणाकडे आहेत.

• मदतीचं सामान आलं तर वहीत नोंद कोण ठेवणार. वाटपाची यादी चावडीवर लावली की भांडणं कमी होतात.

हे नंबर मोबाईलमध्ये ठेवा: जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, पोलीस आणि तातडीची मदत ११२, रुग्णवाहिका १०८.

पाणी वेशीत आल्यावर पुढारी कोण यावर वाद घालण्यापेक्षा ते उन्हाळ्यातल्या ग्रामसभेतच ठरलेलं बरं.