कापूस बाजार : इतिहास, समाज व गणित

कापूस बाजार : कापसाची खरेदी-विक्री, त्यावर आधारलेले वायद्याचे व्यवहार आणि या व्यवहारांशी निगडित झालेले शेती व गिरणी यांतील जीवन यांचा समावेश या संज्ञेत होतो. विदर्भात या तिन्ही अंगांचा एकत्र अभ्यास करण्यास काटोलसारखे गाव सोयीचे आहे. काटोल हे नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण जाम नदीकाठी, नागपूरच्या वायव्येस सु. ६० किमी. वर वसले आहे. संत्र्यांसाठी ते आज प्रसिद्ध असले, तरी विसाव्या शतकाच्या आरंभी ते कापसाची पेठ म्हणून ओळखले जाई व तेथे सरकी काढण्याचे आणि गठ्ठे बांधण्याचे कारखाने होते. येथील शेतातून निघालेला कापूस नागपूरच्या गिरणीत किंवा मुंबईच्या बंदरात जाई. त्याचा भाव मात्र मुंबई, लिव्हरपूल व न्यूयॉर्क येथे ठरे. या भावाचा अभ्यास इतिहासकार, अर्थशास्त्रज्ञ व अलीकडे भौतिकीविज्ञ अशा तिघांनीही केला आहे. तथापि भावातील चढउताराचा भार कोण वाहतो, हा प्रश्न या तिन्ही अभ्यासांच्या सांध्यावरच राहून गेल्याचे दिसते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला व नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. या दोन्ही घटनांमुळे मध्य भारतातील कापसाचा मोठा प्रदेश मँचेस्टरच्या गिरण्यांना खुला झाला. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) अमेरिकेचा कापूस यूरोपात येईनासा झाला आणि लिव्हरपूलच्या बाजारातील भाव तिपटीहून अधिक वाढला. मुंबईत आलेल्या या पैशातून बँका, वित्तसंस्था व समुद्र हटवून जमीन मिळविणाऱ्या कंपन्या यांची लाट उसळली. प्रेमचंद रायचंद हे या काळातील सर्वांत प्रसिद्ध सटोडिये होत. युद्ध संपताच भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा शेअरच्या वायद्यांच्या पूर्ततेचा दिवस होता. त्या दिवशी असंख्य व्यापाऱ्यांना आपली देणी भागविता आली नाहीत. पुढे १८६८ मध्ये बँक ऑफ बाँबेही बुडीत निघाली.

मुंबईतील ही तेजी ओसरली, तरी विदर्भात तिने घडविलेला बदल कायम राहिला. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. १८७० मध्ये खामगाव लोहमार्गाचे उद्‌घाटन गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्ते झाले व त्याच वर्षी मुंबई समुद्रतळावरील तारेने इंग्लंडशी जोडली गेली. त्यामुळे लिव्हरपूलचा भाव काही दिवसांऐवजी काही तासांत वऱ्हाडच्या पेठांत कळू लागला. मात्र ही बातमी प्रथम अडत्याला कळे. बैलगाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला ती बहुधा सौदा झाल्यावरच समजे. धान्याखालील जमीन कापसाकडे वळली आणि रोख पिकासाठी सावकाराचे कर्ज नित्याचे झाले. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत धान्य महागले व कापूसही बुडाला, तेव्हा या व्यवस्थेची कठोर बाजू उघड झाली. लक्ष्मण सत्य (१९९७) व स्व्हेन बेकर्ट (२०१४) या इतिहासकारांनी वऱ्हाडच्या या स्थित्यंतराचे विवेचन केले आहे.

गिरणी व कामगार : जमशेटजी टाटा यांनी १८७४ मध्ये कंपनी स्थापून कापूस पिकणाऱ्या प्रदेशातच गिरणी काढण्याचे ठरविले. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले त्याच दिवशी, नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली. तिचे व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता यांची कारकीर्द दीर्घ व यशस्वी ठरली. कामगारांसाठी भविष्यनिर्वाह निधीसारख्या योजना येथे कायद्याच्या सक्तीपूर्वीच अंमलात आल्या.

गिरणीमुळे हातमागावरील कोष्टी व जाडेभरडे कापड विणणारे महार यांचा परंपरागत धंदा खालावला. पण त्यांच्यातील अनेकांना गिरणीतच काम मिळाले. नियमित वेतनामुळे गावकीच्या बंधनाबाहेर पडलेला एक वर्ग तयार झाला व नागपूरच्या दलित चळवळीला त्याचा आधार लाभला. मोहपा (जि. नागपूर) येथे जन्मलेले किसन फागुजी बनसोडे (१८७९–१९४६) यांनी शाळा व वृत्तपत्रे चालविली, त्यांपैकी मजूर पत्रिका हे नावच या संबंधाचे द्योतक आहे. आर. एस. रुईकर यांनी पुढे नागपूरच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली व २००२ मध्ये कायमची बंद पडली.

वायदा, तेजीमंदी व आकडा : पुढील तारखेस ठरावीक भावाने माल देण्या-घेण्याचा करार म्हणजे वायदा. भाव पडण्याच्या भीतीतून गिरणीमालक व व्यापारी यांना तो संरक्षण देतो. केवळ काही रक्कम भरून, पुढे सोयीचे वाटल्यास खरेदी वा विक्री करण्याचा हक्क मिळविणे यास मुंबईच्या बाजारात ‘तेजीमंदी’ म्हणत. मुंबईत १९२१ मध्ये ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन स्थापन झाली. कापसातील तेजीमंदीस मुंबई सरकारने १९३९ च्या कायद्याने बंदी घातली, तर १९५२ च्या कायद्याने सर्वच वायदेबाजारावर केंद्र सरकारचे नियंत्रण आले.

याच बाजाराची एक छाया मुंबईच्या गिरणगावात पडली. न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या उघडत्या व बंद होणाऱ्या भावांतील आकड्यांवर लोक पैसे लावीत. हे भाव येणे १९६० नंतर लवकरच थांबले. तेव्हा आकडे मडक्यातून काढले जाऊ लागले व ‘मटका’ रूढ झाला. ज्या मालापासून कामगार सूत काढीत होता, त्याच्याच भावाच्या आकड्यावर तो आपली मजुरी लावीत होता. बाजारभाव हा केवळ यदृच्छेचा खेळ आहे, ही त्याची समजूत अडाणीपणाची म्हणता येणार नाही. कारण त्याच काळात गणितज्ञही त्याच निष्कर्षाची तपासणी करीत होते.

भावांचे गणित व भौतिकी : ल्वी बाशल्ये या फ्रेंच गणितज्ञाने १९०० मध्ये पॅरिसच्या रोखेबाजाराचे विवेचन करताना भावातील बदल यदृच्छ मानले. द्रवातील सूक्ष्म कणांच्या ब्राउनीय गतीविषयीचे आइन्स्टाइन यांचे विवेचन (१९०५) त्यानंतरचे आहे. दोहोंचे गणित मूलतः एकच आहे. मॉरिस केंडॉल यांनी १९५३ मध्ये शेअर, शिकागोचा गहू व न्यूयॉर्कचा कापूस यांचे भाव तपासले. कालच्या बदलावरून उद्याचा बदल सांगता येईल असा भरवशाचा संबंध त्यांना बहुतांशी आढळला नाही. बन्वा मँडेलब्रॉट यांनी १९६३ मध्ये कापसाच्याच भावांवरून दाखविले की, मोठ्या उड्या प्रसामान्य वितरणाच्या अपेक्षेहून कितीतरी अधिक वेळा येतात आणि दैनिक व मासिक बदलांचे स्वरूप सारखेच असते. १८६५ सारखी कोसळ ही अपवादात्मक दुर्घटना नसून बाजाराच्या स्वभावाचाच भाग आहे, असा याचा अर्थ होतो.

ब्लॅक व शोल्स यांनी १९७३ मध्ये तेजीमंदीसारख्या हक्काचे मूल्य काढण्याचे समीकरण मांडले. योग्य रूपांतरानंतर ते उष्णतेच्या विसरणाचे समीकरण होते. पुंजभौतिकीतील श्रोडिंजर समीकरणात (१९२६) काल काल्पनिक संख्येत मांडल्यास त्याचेही रूप असेच होते. या साम्यामुळे फाइनमन यांची मार्ग-समाकलनाची पद्धती वित्तीय गणितात वापरता आली. बेलाल बाकी यांचा या विषयावरील ग्रंथ २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘अर्थभौतिकी’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा यूजीन स्टॅन्ली यांनी १९९५ मध्ये कोलकात्याच्या परिषदेत प्रथम वापरली. मात्र हे साम्य समीकरणांचे आहे, वस्तूंचे नव्हे. इलेक्ट्रॉनाला आपले मापन होत असल्याची जाणीव नसते. व्यापारी मात्र भावाची बातमी ऐकून आपले वर्तन बदलतो.

मूल्यमापन : वरील सर्व गणितात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : मालाचा धनी हवे तेव्हा सौदा करू वा थांबवू शकतो. काटोलच्या परिसरातील कर्जदार, कोरडवाहू शेतकऱ्याला हे स्वातंत्र्य क्वचितच होते. हंगामाच्या तोंडावर भाव पडलेला असला, तरी देणे फेडण्यासाठी त्याला कापूस विकावाच लागे. गिरणीमालक वायद्याने व सटोडिया तेजीमंदीने आपला धोका दुसऱ्यावर सोपवू शके. शेतकऱ्यामागे मात्र तो सोपविण्यास कोणी नसे. हा दोष दूर करण्याचे प्रयत्न कायद्याच्या मार्गाने झाले. कारंजा येथे १८८६ मध्ये नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ चा वऱ्हाडचा बाजार कायदा हा या क्षेत्रातील आरंभीचा कायदा होय. स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्र शासनाने १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना अंमलात आणली. तोट्यामुळे ती या शतकाच्या आरंभी संपुष्टात आली. त्यानंतरच्या वर्षांत विदर्भातील कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांनी हा प्रश्न पुन्हा पुढे आणला.

म्हणून कापूस बाजाराच्या संशोधनात गिरणीचे हजेरीपट, बाजार समितीच्या नोंदी व भावांच्या सारण्या एकमेकींशेजारी ठेवून वाचणे आवश्यक ठरते. भाव किती उसळेल, हे समीकरणावरून अजमावता येते. ती उसळी कोणाच्या घरावर आदळेल, हे मात्र सामाजिक इतिहासच सांगू शकतो.