भाताचा करपा रोग

भात पिकावरील कवकजन्य रोग. पिरिक्युलॅरिया ओरायझी या कवकामुळे तो होतो. प्रथम पानांवर बारीक ठिपके पडतात. ते वाढून दोन्ही टोकांस निमुळते, मध्ये राखी व कडेने तपकिरी होतात. ठिपके एकमेकांत मिसळल्यावर पान करपल्यासारखे दिसते, यावरून हे नाव पडले. रोग पेऱ्यांवर व लोंबीच्या मानेवरही पडतो. मान कुजल्यास दाणे भरत नाहीत. सर्वांत अधिक नुकसान याच अवस्थेत होते.

इतिहास : चीनमध्ये १६३७ साली सुंग यिंगशिंग यांनी आपल्या तंत्रविद्याविषयक ग्रंथात भाताच्या या ‘ज्वरा’चा उल्लेख केला आहे. जपानमध्ये १७०४ मध्ये व इटलीत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याची नोंद झाली. कवकाचे नामकरण इटालियन शास्त्रज्ञ काव्हारा यांनी १८९२ मध्ये केले. भारतातील पहिली नोंद १९१३ ची असून १९१९ च्या सुमारास तंजावरच्या त्रिभुज प्रदेशात रोगाची मोठी साथ आली. त्यानंतर कोईमतूर येथे निवडलेली ‘को ४’ ही जात रोगप्रतिकारक म्हणून प्रसिद्धीस आली. तथापि एखादी जात कायम प्रतिकारक राहील, ही आशा टिकली नाही. कवकाचे वेगवेगळे प्रभेद असतात, हे जपानमध्ये सासाकी यांनी १९२२ मध्येच दाखविले होते. एका प्रभेदास दाद न देणारी जात दुसऱ्यास बळी पडते. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर पारायुक्त कवकनाशके सर्रास वापरली गेली. परंतु त्यांच्या विषारीपणामुळे ती पुढे सोडून द्यावी लागली.

कोकणातील स्थिती : ढगाळ हवा, दमट वातावरण, पानांवर रात्रभर टिकणारी ओल आणि २०° से.च्या आसपासचे रात्रीचे तापमान रोगास पोषक असते. १९६५ नंतर देशात बुटक्या, अधिक उत्पन्न देणाऱ्या जातींबरोबर रासायनिक खतांचा वापर वाढला. नत्राच्या जादा मात्रेने पाने लुसलुशीत व दाट होतात आणि कवकाचे फावते. रायगड जिल्ह्यात (१९८१ पूर्वीचा कुलाबा) कर्जत येथे भात संशोधन केंद्र व पनवेल येथे खार जमीन संशोधन केंद्र असून ही दोन्ही १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कक्षेत येतात. ‘पनवेल १’, ‘पनवेल २’ व ‘पनवेल ३’ या जाती क्षारसहिष्णुतेसाठी निवडलेल्या आहेत. पनवेलच्या खाडीकाठी पावसाने जमिनीतील क्षार धुपल्यावरच भाताची लावणी करता येते व वर्षातून बहुधा हे एकच पीक निघते. त्यामुळे लोंबीची मान कुजली, तर ती तूट भरून काढण्यास दुसरा हंगाम नसतो. अशा शेतकऱ्यास रोगाची झळ अधिक बसते.

नियंत्रण : कवक रोगट पेंढ्यात व धसकटांत टिकून राहते, म्हणून ती नष्ट करतात. निरोगी व प्रक्रिया केलेले बी वापरणे, नत्र विभागून देणे आणि गावात सर्वत्र एकच जात न लावणे हे उपाय केले जातात. गरजेनुसार ट्रायसायक्लॅझोलसारखी कवकनाशके फवारतात. या कवकाच्या जनुकसंचाचे वाचन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्याच एका प्रभेदगटाने २०१६ मध्ये बांगला देशातील गव्हाचे नुकसान केले. यावरून रोगाचा धोका केवळ भातापुरता राहिलेला नाही, हे दिसून येते.