पाच मतांचे खासदार

जुलै 1892. लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून उदारमतवादी पक्षाचे दादाभाई नौरोजी निवडून आले, तेही अवघ्या पाच मतांनी. इंग्रजांना त्यांचं आडनाव उच्चारताना अडचण व्हायचीच. आता विनोदी मंडळींनी त्यांचं ‘मिस्टर नॅरो-मेजॉरिटी’ असं बारसं केलं. म्हणजे काठावर पास झालेले गृहस्थ. खरं तर त्या वर्षी हे नाव अख्ख्या पार्लमेंटलाच शोभलं असतं.

670 जागांच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये कोणालाच बहुमत नव्हतं. सत्तेवरच्या सॅलिस्बरींचा हुजूर पक्ष आणि त्यांचे ‘लिबरल युनियनिस्ट’ साथीदार मिळून सुमारे 315. ग्लॅडस्टन यांचे उदारमतवादी 272. गणित सोडवायचं होतं ते 81 आयरिश राष्ट्रवाद्यांनी, आणि त्यांच्यातही फूट पडलेली.

हे युनियनिस्ट साथीदार मूळचे ग्लॅडस्टन यांच्याच घरातले. 1886 मध्ये आयर्लंडला होमरूल, म्हणजे अंतर्गत स्वराज्य, देण्याचं विधेयक ग्लॅडस्टन यांनी आणलं आणि पक्ष दुभंगला. बाहेर पडलेले हुजूर पक्षाच्या आसऱ्याला गेले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत हॉबर्नमधून दादाभाईही आपटले. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेल्या या माणसाला आकड्यांचा हिशेब नवा नव्हता. त्यांनी पुन्हा तयारी केली.

मदतीला धावून आले खुद्द सॅलिस्बरी! 1888 मध्ये एडिंबरात बोलताना, इंग्रज मतदार ‘काळा माणूस’ निवडून देतील अशी वेळ अजून आलेली नाही, असं ते म्हणाले. पंतप्रधानांच्या तोंडून निघालेल्या त्या एका शब्दाने हॉबर्नमधला पराभूत उमेदवार घरोघर पोहोचला. विरोधकाची एवढी फुकट जाहिरात क्वचितच कोणी केली असेल.

1892 च्या निकालानंतरही सॅलिस्बरींनी लगेच राजीनामा दिला नाही. ऑगस्टमध्ये सभागृहात 350 विरुद्ध 310 मतांनी ते हरले, तेव्हा कुठे 82 वर्षांचे ग्लॅडस्टन चौथ्यांदा पंतप्रधान झाले. सगळी मदार आयरिश सभासदांवर, त्यामुळे होमरूल पुन्हा आणणं भागच होतं. 1893 मध्ये कॉमन्सने ते मंजूर केलं. वरिष्ठ सभागृहाने, हाऊस ऑफ लॉर्ड्सने, 419 विरुद्ध 41 मतांनी फेकून दिलं. त्याच वर्षी आय.सी.एस.च्या परीक्षा इंग्लंडबरोबर हिंदुस्थानातही एकाच वेळी घ्याव्यात, असा ठराव कॉमन्समध्ये निसटत्या मतांनी संमत झाला. त्यामागे दादाभाईंची खटपट होती. सरकारने तो बासनात गुंडाळून ठेवला. काठावरचं बहुमत ठराव करू शकतं, तो राबवायला लावू शकत नाही.

1895 च्या निवडणुकीत पारडं पार उलटलं. सॅलिस्बरी भक्कम बहुमताने परतले, दादाभाई पडले. आणि बेथनल ग्रीनमधून मुंबईचेच दुसरे एक पारशी गृहस्थ, मंचेरजी भावनगरी, निवडून आले. सॅलिस्बरींच्या हुजूर पक्षाच्या तिकिटावर.