जपानी भाषेत रॉक होतं का? १९७१ चा एक वाद

जपानी रॉक ऐकायला सुरुवात कुठून करायची, असं कुणाला विचारलं की दहा बँडची यादी हातात पडते. यादीत चूक काही नसतं. पण आपण दोन गाणी ऐकतो, तिसरं अर्धं सोडतो आणि संपलं. लिटरेचर रिव्ह्यूचंही असंच होतं. पन्नास पेपर डाउनलोड करून फोल्डर भरतो, पण त्या क्षेत्रात भांडण नक्की कशावरून चाललंय हे कळेपर्यंत एकही पेपर डोक्यात बसत नाही. म्हणून आज यादी देत नाही, एक भांडण सांगतो. बँड आपोआप सापडतील.

१९६६ साली बीटल्सचे कार्यक्रम टोकियोच्या बुदोकानमध्ये झाले. त्यानंतर गिटार घेतलेल्या तरुणांच्या बँडची जपानमध्ये लाटच आली. तिला 'ग्रुप साउंड्स' म्हणतात. द स्पायडर्स, द टायगर्स ही त्यातली मोठी नावं. ही मंडळी जपानीतच गायची, पण बरीच गाणी व्यावसायिक गीतकार-संगीतकारांनी लिहून दिलेली असायची. दशक संपता संपता लाट ओसरली आणि प्रश्न उभा राहिला: आता 'खरं' रॉक करायचं, तर कोणत्या भाषेत?

एका बाजूला युया उचिदा हा गायक-निर्माता होता. त्याचं म्हणणं असं की रॉक जगभर न्यायचं असेल तर इंग्रजीत गायला हवं, आणि जपानी शब्द रॉकच्या लयीत नीट बसत नाहीत. दुसऱ्या बाजूला 'हॅपी एंड' हा बँड: हारुओमी होसोनो, एइची ओताकी, शिगेरू सुझुकी आणि ताकाशी मात्सुमोतो. नाव इंग्रजी, पण ते लिहायचे जपानी हिरागाना लिपीत. आपण देवनागरीत 'हॅपी एंड' लिहावं तसंच. ड्रम वाजवणारा मात्सुमोतोच गाणी लिहायचा आणि जपानीचा आग्रहही त्याचाच. १९७१ मध्ये 'न्यू म्युझिक मॅगझिन' या मासिकाने दोन्ही बाजूंना एका चर्चेत समोरासमोर बसवलं. जपानी संगीताच्या इतिहासात हा 'जपानी भाषेतल्या रॉकचा वाद' म्हणून ओळखला जातो.

उचिदाचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. शाळेत मात्रा मोजल्या असतील तर तुम्हाला तो लगेच कळेल. जपानी भाषा मात्रांवर चालते आणि प्रत्येक मात्रेला साधारण सारखाच वेळ लागतो. इंग्रजीतला 'स्ट्रीट' एका ठोक्यात संपतो. जपानीत तोच शब्द 'सु-तो-री-इ-तो' होतो, म्हणजे पाच मात्रा. इंग्रजी चालीच्या एका सुरावर जो शब्द बसतो, त्याला इथे पाच जागा लागतात. त्यात इंग्रजीसारखा जोरकस आघातही नाही. म्हणजे अडचण खरी होती. प्रश्न इतकाच, की ती भाषेची मर्यादा होती की तेव्हाच्या चालींची?

हॅपी एंडने याचं उत्तर चर्चेत दिलं त्याहून जास्त रेकॉर्डवर दिलं. नोव्हेंबर १९७१ मध्ये त्यांचा दुसरा अल्बम 'काझेमाची रोमान' आला. शब्द मध्येच तोडायचे, एखादी मात्रा लांबवायची, वाक्य ओळीच्या पलीकडे सांडू द्यायचं असे प्रयोग त्यात आहेत. आणि विषय? १९६४ च्या ऑलिंपिकच्या तयारीत बदलून गेलेलं मात्सुमोतोच्या लहानपणाचं टोकियो. 'काझेमाची' म्हणजे वाऱ्याचं गाव. हरवलेल्या शहराच्या जागी त्याने कल्पनेत वसवलेलं गाव. आपल्या गल्लीबद्दल परक्या भाषेत किती सांगता आलं असतं, हा प्रश्न इथे आपोआप पडतो.

आता विज्ञानाचा विद्यार्थी म्हणून या वादाकडे बघा. 'जपानी रॉक' या एका शब्दात दोन चल मिसळलेत: शब्दांची भाषा आणि संगीताची भाषा. हॅपी एंडचे शब्द जपानी होते, पण वाजवण्यावर बफेलो स्प्रिंगफील्डसारख्या अमेरिकन बँडची दाट छाया होती. उलट, उचिदाने उभ्या केलेल्या फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँडचा १९७१ चाच 'सातोरी' ऐका. शब्द इंग्रजी आणि अगदी मोजके, पण हिदेकी इशिमाच्या गिटारचे सूर पूर्वेकडचे, आणि अल्बमचं नावच झेन परंपरेतल्या बोधाचं. मग जास्त जपानी कोण? दोघांनी एकेक चल बदलला होता आणि भांडताना दोन्ही एकच धरले होते. तुमच्या क्षेत्रातले निम्मे वाद असेच निघतील, शोधून बघा.

पुढचा पुरावाही सरळ एका बाजूने जात नाही. फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँड कॅनडाला गेला, तिथे राहून वाजवलं, म्हणजे इंग्रजीचा रस्ता अगदीच बंद नव्हता. पण १९७५ मध्ये सॅडिस्टिक मिका बँडने रॉक्सी म्युझिकसोबत ब्रिटनचा दौरा केला, तो मुख्यतः जपानी गाण्यांवर. १९७८ मध्ये सदर्न ऑल स्टार्स आले. त्यांचा गायक केइसुके कुवाता जपानी शब्दच असे वळवून म्हणतो की कानाला इंग्रजीचा भास होतो. 'जपानी की इंग्रजी' या प्रश्नाला हे तिसरंच उत्तर होतं, आणि १९७१ च्या चर्चेत ते कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं.

इथे एक सापळा आहे. २००७ मध्ये 'रोलिंग स्टोन'च्या जपानी आवृत्तीने 'काझेमाची रोमान'ला सर्वोत्तम जपानी रॉक अल्बम ठरवलं. ते वाचलं की वाटतं, हॅपी एंड जिंकणारच होते, त्यांनीच सगळं सुरू केलं. पण 'जॅक्स' नावाचा बँड १९६८ मध्येच जपानीत गडद, अस्वस्थ रॉक गात होता. जिंकलेल्यांकडून मागे मोजत गेलात तर जॅक्स दिसतच नाहीत. काळाच्या क्रमाने पुढे या, मग दिसतात.

म्हणून ऐकायचं तर या क्रमाने ऐका: जॅक्सचा पहिला अल्बम, मग 'सातोरी', मग 'काझेमाची रोमान'. त्यानंतर संदर्भसूचीतून एका पेपरवरून दुसऱ्यावर जातो तसं माणसांच्या मागे जा. होसोनो तुम्हाला १९७८ च्या यलो मॅजिक ऑर्केस्ट्राकडे नेईल, ओताकी १९८१ च्या 'अ लाँग व्हेकेशन'कडे. त्यातलीही बहुतेक गाणी मात्सुमोतोचीच. दोन महिन्यांची सोय झाली.

आणि ऐकताना एक वाक्य मनात ठेवा: 'मराठीत विज्ञान नीट मांडताच येत नाही.' आपण सगळ्यांनी ते ऐकलंय, थिसिस इंग्रजीत लिहिताना थोडंफार पटलंयही. त्याची रचना उचिदाच्या विधानासारखीच आहे, आणि त्यातही थोडं खरं आहे. परिभाषा अडते, वाक्य लांबतं, जगाच्या जर्नलमध्ये ते जाणार नाही. पण मर्यादा भाषेची आहे की आपण अजून चालच बांधली नाही म्हणून, हे चर्चा करून ठरणार नाही. आपल्या विषयावरची दोन पानं मराठीत लिहा. कुठे अडतंय ते नेमकं दिसेल. पुरावा तिथून सुरू होतो.